उन्हाळ्यातले घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की प्रश्न ठरलेल्या क्रमाने येऊ लागतात. आधी खिडक्या आणि पंखे, मग फ्रिज, मग घरी असलेली मुले, आणि उकाडा शिगेला पोहोचला की घोळणा व उष्माघात. खालची उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बरेच वाद आपोआप सुटतात: घरात गारवा कुठेही तयार होत नाही, फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकली जाते. ती कुठून उचलली आणि कुठे टाकली, एवढेच प्रत्येक वेळी पाहायचे असते.

१. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद? आमच्याकडे यावरून रोज वाद होतो.

दोन्ही पक्ष बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार आहे तोवर खिडक्या उघड्या असाव्यात आणि ती आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की बंद कराव्यात. ही वेळ घड्याळावर ठरत नाही, कारण ती घराच्या दिशेवर, मजल्यावर आणि त्या दिवसाच्या वाऱ्यावर अवलंबून असते. एक साधा तापमापक आत आणि एक बाहेर टांगला तर वाद दोन दिवसांत मिटतो. मात्र बाहेरचा सावलीत टांगावा. उन्हातला तापमापक हवेचे नव्हे, स्वतःच्या तापण्याचे माप दाखवतो.

स्वयंपाक चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडीच असली पाहिजे, मग बाहेर कितीही ऊन असो. शेगडीची उष्णता, वाफ आणि धूर घरभर फिरवण्यापेक्षा थोडी गरम हवा आत आलेली परवडते. पडद्यांबद्दलही नेहमी विचारले जाते. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवतो, म्हणजे पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. काचेच्या बाहेर असलेली सावली, मग ती झडप असो, ओलाचिंब न केलेली साधी चटई असो किंवा वेल असो, उन्हाला काचेपर्यंत पोहोचूच देत नाही, आणि म्हणून ती कितीतरी अधिक उपयोगी पडते.

२. ऊन उतरले तरी रात्री दहा वाजता भिंती गरम का लागतात?

वीट आणि काँक्रीट उष्णता सावकाश घेतात आणि सावकाशच सोडतात. दुपारी छतावर पडलेले ऊन स्लॅबमधून झिरपत खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात, आणि ते पोहोचते नेमके आपण अंथरूण घालतो तेव्हा. वरच्या मजल्यावरच्या घरांना हे अधिक जाणवते, कारण त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचे घर नसते.

उपाय दोन आहेत. छताला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला तर उष्णता मुळात कमी शिरते. आणि रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडून हवा आरपार वाहू दिली तर भिंती पहाटेपर्यंत निवतात. वारा पडलेला असेल तर टेबलफॅन एका खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा ओढली जाते. पंखा स्वतःकडे वळवायचा मोह होतो खरा, पण झोपण्यापूर्वीचा तासभर हा उलटा प्रयोग करून पाहावा.

३. पंख्याने खोली गार होते का? बाहेर जाताना तो चालू ठेवला तर परत आल्यावर बरे वाटेल का?

होत नाही, आणि बरेही वाटणार नाही. पंखा हवा हलवतो, तिचे तापमान कमी करत नाही. उलट त्याच्या मोटारीची थोडी उष्णता खोलीत मिसळते. आपल्याला गार वाटते ते अंगावरचा घाम लवकर उडून जातो म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता खेचली जाते, आणि घामाच्या बाबतीत ती आपल्या कातडीतून जाते. रिकाम्या खोलीत घाम येणारे कुणी नाही, म्हणून तिथला पंखा फक्त वीज खातो.

याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून बरीच तापली की पंखा अंगावर गरम वारा मारू लागतो, आणि खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा शरीराला तापवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी हात, मान आणि चेहरा ओल्या कापडाने वारंवार पुसावा आणि घरातली सर्वांत गार खोली गाठावी.

४. आमचा कूलर काही दिवस छान चालतो आणि काही दिवस नुसती चिकचिक करतो. बिघडला आहे का?

बहुधा नाही. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो आणि ती वाफ हवेतच सोडतो. हवा कोरडी असेल तर ती ही वाफ सहज सामावून घेते. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडत नाही, फक्त दमटपणा वाढतो आणि घामही वाळेनासा होतो. दमट दिवशी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे खोली बंद करून कूलर लावणे. त्याला बाहेरची हवा आत घ्यायला आणि खोलीतली दमट हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे. एसीची सवय असलेल्या घरात ही गोष्ट कुणाला पटवणे कठीण जाते. माठातले पाणी गार होण्याचे आणि दमट दिवसांत ते तितकेसे गार न होण्याचे कारणही हेच. टाकीतल्या पाण्यात डास होण्याबद्दल प्रश्न १५ पाहावा.

५. एसी १६ अंशांवर ठेवला तर खोली लवकर गार होते का?

साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत होत नाही. तो एक तर पूर्ण ताकदीने चालतो किंवा थांबतो; १६ हा आकडा फक्त कुठे थांबायचे ते सांगतो. इन्व्हर्टर एसी इष्ट तापमान जवळ आले की वेग कमी करतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात थोडा फरक पडू शकतो, पण सुरुवातीला तोही पूर्ण जोरातच असतो. हवे तेच तापमान लावून पंखा सोबत हळू चालवणे हाच शहाणपणा.

‘दीड टन’ म्हणजे यंत्राचे वजन नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या गतीने उष्णता शोषतो, ती गती म्हणजे एक टन. आजच्या मापात साधारण ३.५ किलोवॉट. एसी येण्यापूर्वी गारवा बर्फाच्या लाद्यांनी मोजला जाई, त्याची ही खूण राहिली आहे.

६. फ्रिजचे दार उघडे ठेवले तर स्वयंपाकघर गार होईल, असे मुलगा म्हणतो. त्याला काय सांगावे?

त्याला फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहायला सांगावे. आतून उचललेली उष्णता फ्रिज त्याच खोलीत टाकतो, आणि कॉम्प्रेसर चालवायला लागलेली वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणून दार उघडे राहिले तर समोर उभ्या असलेल्या मुलाच्या गुडघ्यांना क्षणभर गार लागते आणि खोली मात्र एकंदरीत तापते. एसीला हे जमते, कारण त्याचा गरम भाग घराबाहेर असतो.

उन्हाळ्यात फ्रिजवर भार पडतो तो फक्त अन्नाचा नव्हे, दाराचाही. बाटली काढायची, तिथेच उभे राहून चार घोट प्यायचे, तळाशी दोन बोटे पाणी ठेवून ती तशीच परत लावायची आणि आत आणखी काही आहे का ते निवांतपणे न्याहाळायचे, हा क्रम ज्या घरात दिवसातून वीस वेळा होतो तिथला फ्रिज थांबतच नाही. दारातल्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या, आणि बाटली संपवणाऱ्यानेच ती भरायची, एवढे दोन नियम पुरतात. दुसरा नियम पाळला जाईल याची हमी आम्ही देत नाही.

७. शिजवलेले अन्न बाहेर किती वेळ चालते? गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात ते खरे का?

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि उन्हाळ्यातले स्वयंपाकघर या पट्ट्याच्या अगदी सोयीच्या भागात असते. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि खोली ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासाची धरावी. फ्रिजचे आतले तापमान ४ ते ५ अंशांच्या वर नसावे आणि फ्रीझरचे उणे १८ असावे.

‘पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचे नाही’ हा जुना नियम उन्हाळ्यात घातक ठरतो. मोठे पातेले ओट्यावर पूर्ण निवायला तीन-चार तास लागतात आणि तो सगळा काळ जंतूंचा असतो. वाफ ओसरली की अन्न उथळ, लहान डब्यांत काढावे आणि झाकून आत ठेवावे. वास बरा आहे म्हणजे अन्न चांगले आहे, असेही समजू नये. आजारी पाडणाऱ्या अनेक जंतूंना वास नसतो.

८. वीज गेली तर फ्रिजमधले अन्न किती वेळ टिकते?

दार उघडले नाही तर फ्रिजचा भाग सुमारे चार तास पुरेसा गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. वीज आली आहे का हे आतला दिवा लागतो की नाही यावरून पाहू नये.

९. दिवसाला नेमके किती लिटर पाणी प्यावे?

सर्वांना लागू होईल असा आकडा नाही. वजन, काम, घाम आणि जेवणातले पाणी यांवर तो बदलतो. लघवी फिकट पिवळी आणि दिवसातून नेहमीइतक्या वेळा होत असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद आणि कमी होत असेल तर कमी पडते आहे. एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा थोडे थोडे आणि वारंवार प्यावे. अतिरेकही धोक्याचा असतो, कारण थोड्या वेळात खूप पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम घटते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाळा आला म्हणून ते माप परस्पर वाढवू नये, डॉक्टरांना विचारावे.

१०. बाळ चार महिन्यांचे आहे. इतक्या उकाड्यात त्याला थोडे पाणी पाजावे का?

नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधात बाळाला लागणारे सर्व पाणी असते, आणि कडक उन्हाळ्यातही ते पुरते. पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, दूध कमी जाते आणि पाणी अशुद्ध असेल तर जुलाबाचा धोका वाढतो. उकाड्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा जास्त वेळा पाजावे, आणि आईने स्वतः पुरेसे पाणी प्यावे. ज्येष्ठांचा आग्रह मायेपोटी असतो. हे उत्तर त्यांना वाचून दाखवायला हरकत नाही.

११. मीठ-साखरेच्या पाण्याचे नेमके प्रमाण काय?

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ जास्त होते आणि ते लहान मुलांना अपायकारक ठरते. जुलाब-उलट्यांसाठी तयार ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरावी. पुडीवर जितके पाणी लिहिले आहे तितक्यात ती संपूर्ण घोळावी, अर्धी नव्हे. २४ तासांनंतर उरलेले ओतून द्यावे.

१२. मुलाचा घोळणा फुटतो. मान मागे टाकून डोक्यावर पाणी थोपटायचे ना?

मान मागे टाकू नये. तसे केल्याने रक्त थांबत नाही, ते फक्त घशात उतरते आणि पोटात गेल्यावर उलटी होते. मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावा आणि त्याला तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. चिमूट १० ते १५ मिनिटे सलग धरायची असते. बहुतेक घरांत इथेच चुकते: दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबले का’ म्हणून सोडून पाहिले जाते आणि धरू लागलेली गाठ पुन्हा सुटते. घड्याळ समोर ठेवावे. डोक्यावरच्या पाण्याने मूल शांत होत असेल तर थोपटावे, पण चिमूट सोडून नव्हे.

कोरड्या हवेने नाकाचे अस्तर सुकते आणि त्यात बोट घालण्याची सवय असते, म्हणून उन्हाळ्यात हे वाढते. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा घरातल्या मोठ्या माणसाला रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

१३. उन्हाने आलेला थकवा कोणता आणि उष्माघात कोणता, हे घरी कसे ओळखावे?

माणूस शुद्धीवर नीट आहे का, हा पहिला प्रश्न. खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आणि अशक्तपणा आहे, पण बोलणे सुसंगत आहे, तर तो थकवा. अशा माणसाला गार जागी आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि घोट घोट पाणी द्यावे. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर वैद्यकीय मदत घ्यावी.

बरळणे, ओळख न पटणे, तोल जाणे, झटके किंवा बेशुद्धी असेल आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान यात ४० अंश किंवा त्याहून वर जाते. घाम आटलेला असतोच असे नाही. श्रमाने उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये, कारण इथे मिनिटे मोजली जातात: सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगावर गार पाणी ओतत राहून जोराने वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. पूर्ण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप नव्हे आणि ती गोळी इथे काम करत नाही.

१४. सासूबाई भर दुपारी खिडक्या बंद, पंखा बंद करून बसतात आणि ‘मला उकडत नाही’ म्हणतात. त्यांचे ऐकावे का?

त्या खरेच सांगत असतात, आणि काळजीचे कारण तेच आहे. वयाबरोबर तहान आणि उकाडा यांची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. शरीर तापत असते पण खबर पोहोचत नाही. लघवी वाढवणारी आणि रक्तदाबाची काही औषधे यात भर घालतात. वाद घालण्यापेक्षा तापमापक त्यांच्या खोलीत टांगावा आणि ठरावीक वेळी पाणी हातात द्यावे. ‘पाणी हवे का?’ असे विचारले तर उत्तर ‘नको’ हेच येते.

१५. दर आठवड्याला पाणी बदलूनही कूलरमध्ये डास होतात. असे का?

डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या ओल्या भिंतीवर चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पाणी पुन्हा वर चढले की फुटतात. म्हणून नुसते पाणी बदलणे पुरत नाही; टाकीच्या कडा ब्रशने घासून, कोरड्या करून मगच पाणी भरावे. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे हे काम आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी करावे. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे यांनाही हाच नियम.

१६. सुट्टीत मुले दर तासाला ‘कंटाळा आला’ म्हणतात. दिवसभराचे वेळापत्रक आखावे का?

पूर्ण दिवसाचे नको. तास-तासाचे तक्ते चार दिवसांत भिंतीवरच राहतात. उन्हाने दिवस आधीच तीन भागांत कापून दिलेला असतो, तेवढेच पाळावे: सकाळी आणि ऊन उतरल्यावर बाहेर खेळ, मधला प्रखर भाग घरात. झोपण्या-उठण्याची वेळ शाळेच्या दिवसांपेक्षा तासाभराहून जास्त सरकू देऊ नये, नाहीतर शाळा उघडताना पहिला आठवडा सगळ्या घराला जड जातो. एखादे खरे काम मुलांकडे सोपवावे: झाडांना पाणी, बाटल्या भरणे, दोन्ही तापमापकांची रोजची नोंद. आणि कंटाळ्यावर दर वेळी उपाय शोधू नये. पत्त्यांचा बंगला, चादरीचा तंबू, जुन्या खोक्याचे जहाज, या गोष्टी कंटाळ्याच्या दुसऱ्या तासात सुरू होतात, पहिल्या तासात नव्हे.

१७. गाडीत मूल झोपले आहे आणि पाचच मिनिटांचे काम आहे. काच थोडी उघडी ठेवून जाता येईल का?

नाही. उन्हातल्या बंद गाडीचे आतले तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढते, काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा वेगाने तापते. पाच मिनिटांचे काम पाच मिनिटांतच संपेल याचा भरवसा नसतो. मुलाला उठवून सोबत न्यावे.

१८. इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवायचे ना? मग प्रवासात काय करावे?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीझरच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरू नये. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकतात, पण ती खोली उन्हाळ्याची धरलेली नसते. नेमकी मर्यादा सोबतच्या पत्रकात असते. प्रवासात गार पिशवी वापरावी आणि बर्फाला थेट टेकणार नाही असे गुंडाळावे. गाडीच्या कप्प्यात कोणतेही औषध विसरू नये (कारण प्रश्न १७).

१९. दहा दिवस बाहेर गेलो होतो. परत आल्यावर फ्रीझर चालू होता आणि सगळे गोठलेले होते, पण मध्ये वीज बराच वेळ गेली होती असे कळले. अन्न वापरावे का?

या वेळी ते सांगता येणार नाही, कारण वितळून पुन्हा गोठलेले अन्न बाहेरून सारखेच दिसते. मांस, मासे आणि शिजवलेले पदार्थ टाकून द्यावेत. पुढच्या वेळी निघण्याच्या आदल्या दिवशी एका वाटीत पाणी गोठवावे, त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. ते तळाशी गोठलेले सापडले तर फ्रीझर रिकामा करावा, आणि मधोमध अडकले असेल तरीही तोच निर्णय घ्यावा.